पर्वती, १०३ पायऱ्या आणि माझी एक्सेल शीट

जुलैपासून काहीतरी बिनसलं होतं. कारण विचाराल तर धड सांगता येणार नाही, नोकरी चालू, घरात सगळं ठीक, पण सकाळी उठावंसंच वाटायचं नाही, मीटिंगच्या २ मिनिटं आधी लॅपटॉप उघडायचा, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली रात्रीचीच बर्मुडा. मित्रांचे फोन उचलायचो नाही आणि मग उचलला नाही म्हणून तासभर वाईट वाटून घ्यायचं. त्यात पुण्याचा पाऊस, एकदाचा धो धो पडून मोकळा होईल तर शपथ, नुसती दिवसभर पिरपिर.

मग एका रविवारी रात्री अंगात आलं आणि एक्सेल शीट बनवली. ५ वाजता उठणे, १२ सूर्यनमस्कार, १५ मिनिटं ध्यान, डायरी, साखर बंद, रोज १०,००० पावलं, हिरवे-लाल रंग वगैरे देऊन एकदम झकास. शीट बनवतानाच इतकं भारी वाटलं की अर्धं काम झालंय असंच वाटत होतं (तिथेच फसतो माणूस). सोमवार हिरवा, मंगळवार अर्धा हिरवा, गुरुवारी मी फाईल उघडलीच नाही. आधी नुसतं उदास वाटत होतं, आता उदास अधिक नालायक.

आईच मागे लागली, "अरे डॉक्टरांना तरी दाखवून ये, तोंड बघ कसं झालंय." गेलो. फॅमिली डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं, थायरॉईड, बी-१२, व्हिटॅमिन डी, कारण यातलं काही गडबडलं तरी माणूस असाच मरगळतो म्हणे. बी-१२ खरंच कमी निघालं, आम्ही पक्के वरण-भातवाले, त्यामुळे नवल नाही, इंजेक्शनं सुरू झाली. मग एक फॉर्म भरून घेतला, ९ प्रश्न, गेल्या २ आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं, झोप कशी आहे, असे, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. मला ११ पडले. कमी मार्क पडले तर बरं अशी ही आयुष्यातली पहिलीच परीक्षा. ११ म्हणजे मध्यम, म्हणून त्यांनी समुपदेशक मॅडमकडे पाठवलं.

मॅडमना मी मोठ्या उत्साहाने शीट दाखवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, यातलं एकच ठेवा, तेही इतकं छोटं करा की लोकांना सांगायला लाज वाटेल. आणि मूड आला की करू असं नाही, आधी करायचं, मूड मागून येतो, आला तर. याला बिहेविअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, नाव जड आहे पण प्रकार एवढाच.

तर माझं एकच ठरलं, सकाळी चपला घालून पर्वतीच्या पायथ्याशी जायचं. चढायचं बंधन नाही. पहिल्या दिवशी खरंच नुसता जाऊन परत आलो, वाटेत चहा घेतला, साखर घालून. तिसऱ्या दिवशी वाटलं आलोच आहोत तर दहा-वीस चढू. १०३ पायऱ्या आहेत, पण रुंद, दोन पावलं टाकावी तेव्हा एक संपते, त्यामुळे आकडा फसवा आहे. सत्तरीचे आजोबा मला ओलांडून वर जातात आणि उतरताना "काय, आज पण इथेच?" असं विचारतात. पहिल्यांदा राग आला होता, आता नाही दिसले तर चुकल्यासारखं वाटतं.

३२ दिवस झाले, त्यातले ७ बुडाले. बुडाला की दुसऱ्या दिवशी भरपाई करायची नाही हा माझा नियम, नाहीतर परत ती शीट सुरू होते डोक्यात. फॉर्म परत भरला, ८ आले. मॅडमकडे जाणं चालूच आहे. आणि हो, तुम्हालाही बरेच दिवस असं होत असेल आणि कोणाशी बोलायचं कळत नसेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं असेल तर वाट बघत बसू नका, लगेच लावा.

आज पाऊस होता, ४० पायऱ्यांवरून परत फिरलो. दारात आईने विचारलं, "किती?" म्हटलं चाळीस. "बरं, पाय पूस आधी."