आमची वाटचाल : सांगलीतलं शिलाई मशीनचं दुकान

गणपती पेठेत अण्णांनी हे दुकान टाकलं तेव्हा नुसत्या पायमशीनी चालायच्या, आता मोटरवाल्या, पिको-फॉलच्या, एम्ब्रॉयडरीच्या सगळ्या ठेवतो. २०१९ च्या महापुरात पाणी शिरून माल गंजला, त्यातनं पण उभं राहिलो. पण पुरापेक्षा जास्त छळलं ते रेटनी.

म्हणजे कसं बघा, खोक्यावर एमआरपी छापलेली असते, कायद्यानं त्याच्यावर एक रुपया घेता येत नाही, खाली कितीला पण विका. पण कंपनी डीलरला अजून एक आकडा सांगते, एमओपी, म्हणजे मार्केट ऑपरेटिंग प्राइस, त्याच्या खाली जायचं नाही, गेलात तर स्कीमची क्रेडिट नोट, म्हणजे कंपनीकडनं परत मिळायची सूट, अडकली म्हणून समजा. आम्हाला हे कायम फोनवरच सांगितलं, लेखी कधीच नाही. कारण असा खालचा रेट बांधून दिल्यानं स्पर्धेला मार बसत असेल तर कॉम्पिटिशन ॲक्ट २००२ च्या कलम ३(४) प्रमाणे ते बेकायदा ठरतं. २०२१ मध्ये डीलरांचे डिस्काउंट अडवले म्हणून स्पर्धा आयोगानं मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड लावला, पुढं ते अपिलात गेले.

आता आमची बाजू. मशीन विकणं म्हणजे खोकं हातात देणं नव्हे. एखादी ताई घरी ब्लाऊज शिवायचं ठरवून येते, तिला दोरा ओवायला, टेन्शन म्हणजे दोऱ्याचा ताण लावायला, बॉबीन केस म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी बसवायला शिकवायचं, टेबलाला फिटिंग करून द्यायचं, नंतर फोन येत राहतात ते वेगळेच, आणि हे सगळं त्याच मार्जिनमधनं निघतं. एमओपी सगळ्यांनी पाळली असती तर निदान तेवढं तरी सुटलं असतं. पण सेल लागला की तीच मशीन ऑनलाइन आमच्या डीपीच्या, म्हणजे आम्हाला कंपनीकडनं पडते त्या डीलर प्राइसच्या पण खाली! मग बंधन काय फक्त आम्हालाच? गिऱ्हाईक डेमो इथं बघतं आणि ऑर्डर मोबाईलवर टाकतं, त्याचं पण चूक नाही, चार पैसे वाचत असतील तर कोण सोडेल. फक्त नंतर खाली दोऱ्याचा गुंता व्हायला लागतो, मशीनच खराब आली म्हणून ती कोपऱ्यात पडून राहते, आणि बघावं तर बऱ्याचदा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो.

माझं म्हणणं एवढंच की कंपनीनं खालचा रेट ठरवूच नये, पण माल सगळ्यांना एकाच भावानं द्यावा आणि शिकवायचे, फिटिंगचे पैसे जो ते काम करतो त्याला वेगळे द्यावेत. मग कुणी किती सोडायचं ते ज्याचं तो बघेल.

कंपनी करेल तेव्हा करेल, आम्ही मशीनचा रेट वेगळा आणि फिटिंग-शिकवणीचा वेगळा असा बोर्डच लावलाय. सुरुवातीला लोकं कुरकुरली, आता ऑनलाइन घेतलेली मशीन पण घेऊन येतात, त्यांना पण तेवढंच नीट शिकवतो.