समुद्रफेनाचा पाइप आणि कोकणातली दमट हवा

पावसाळ्यानंतर पुळणीवर माकुलाचं पांढरं, हलकं हाड सापडतं. त्याला आपल्याकडे समुद्रफेन म्हणतात. ‘मीरशॉम’ या जर्मन शब्दाचा अर्थही समुद्राचा फेसच, पण दोघांचं नातं नावापुरतं. माकुलाचं हाड चुन्याच्या जातीचं. मीरशॉम म्हणजे सेपिओलाइट, मॅग्नेशियमचं पाणीदार सिलिकेट. तंबाखू ओढायच्या पाइपसाठीचा उत्तम माल तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या खाणींतून येतो. खनिजांच्या मोह्स मापावर कठीणपणा जेमतेम 2, म्हणजे नखानेही ओरखडा उठेल. ओला असताना तो मऊ असतो म्हणून तेव्हाच कोरतात, मग वाळवून मेणात बुडवतात. हे मऊपण आणि हे मेण लक्षात ठेवलंत, तर पुढच्या बहुतेक सूचना आपोआप कळतील.

घेताना अखंड खड्यातून कोरलेला घ्या. भुकटी दाबून केलेले पाइपही मिळतात, पण ते तितके शोषत नाहीत आणि रंगही नीट धरत नाहीत.

लाकडी ब्रायर पाइपला सुरुवातीला वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा खोलगट भाग, अर्धीच भरून आतून काजळीचा थर बसवावा लागतो. मीरशॉमला ते काहीच नको. पहिल्याच दिवशी वाटी पूर्ण भरा.

कोकणात खरी अडचण तंबाखूची. डब्यातली तंबाखू आधीच ओलसर असते, त्यात जून ते सप्टेंबर इथे कागदावर पसरून ठेवली तर सुकायच्या ऐवजी आणखी ओल धरते. जुन्या पद्धतीच्या पिवळ्या बल्बखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा. चिमटीत दाबून सोडल्यावर ती हळूहळू फुलली पाहिजे. गोळा तसाच राहिला तर अजून ओली आहे, चुरा झाला तर जास्त सुकली. चुलीजवळच्या फळीवर मात्र सुकवू नका, बांगड्याच्या वासाची तंबाखू कुणाला आवडेल? उरलेली घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा, पण लोणच्याच्या बाटलीत नको.

मध्यम वाटीत साधारण 2 ते 3 ग्रॅम मावते. तीन वेळा भरा: पहिली चिमूट नुसती सोडायची, दुसरी हलकी दाबायची, तिसरी जरा जोर लावून. मग न पेटवता ओढून बघा. सरबत नळीने पिताना लागतो तेवढाच अडथळा जाणवला पाहिजे. गाल आत जात असतील तर सगळं काढून पुन्हा भरा. दाबणीने, म्हणजे तंबाखू दाबायच्या काडीने, टोचून ते सुधारत नाही.

लाकडी काडी पेटवा, गुलाचा वास जाऊ द्या, मग ज्योत तंबाखूवर गोल फिरवा. तंबाखू फुगून वर येईल. ती हलकेच दाबून दुसरी काडी लावा. ज्योत वाटीच्या कडेला लागता कामा नये, पडलेला काळा डाग धुऊन जात नाही. जेटचा लायटर तर अजिबात नको.

दुपारी समुद्रावरून वारा सुटला की खळ्यात बसू नका. निखारा एका बाजूने भडकतो, वाटी तापते, जीभ पोळते. पडवीचा आडोसा बरा. मतलई मंद असेल तर पहाट उत्तम. सावकाश ओढलं तर एक वाटी पाऊण तास चालते. मध्येच विझली तर बिघडलं काही नाही, पुन्हा पेटवा. धूर तोंडातच ठेवून सोडायचा असतो, छातीत घ्यायचा नाही. पण त्याने तोंडाचा आणि घशाचा कर्करोग टळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. रिकाम्या पोटी निकोटिनने गरगरतं, तेव्हा आधी पेज तरी पोटात असू द्या.

तापलेल्या वाटीला बोटं लावू नका. मेण मऊ झालेलं असतं, बोटांचा ठसा आणि घाम तिथेच बसतो आणि पुढे रंग चढताना डाग दिसतो. दांड्याला, म्हणजे तोंडात धरायच्या नळीला, धरा. आत गुळगुळ आवाज आला तर पाइप न उघडता दांड्यातून पाइप-क्लीनर घाला. काही वाकड्या पाइपांत तो अडतो, तिथे जबरदस्ती नको.

संपल्यावर राख जांभ्याच्या पायरीवर ठोकून काढू नका, तडा जाईल. बोथट चमच्याने काढा आणि वाटी कोमट असतानाच पेपर नॅपकिनची वळी करून आतून पुसा. काजळीचा थर इथे नकोच: तापल्यावर तो दगडापेक्षा वेगळा फुगतो आणि वाटी फोडतो. चाकूने खरवडणं तर त्याहून वाईट.

दांडा पूर्ण थंड झाल्यावरच काढा, तोही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत. बऱ्याच तुर्की पाइपांत मानेत, म्हणजे दांडा जिथे बसतो त्या वाटीच्या दगडी नळीत, प्लास्टिकची आटेदार नळी बसवलेली असते; उलटं फिरवलं की दांड्याऐवजी तीच सुटते. एका हाताने वाटी नव्हे, मान धरायची.

रंगाची घाई करू नका. पहिल्या वाटीनंतर काहीही दिसणार नाही. काही महिन्यांनी मानेकडून पिवळसर झाक सुरू होते, ती पुढे मधाच्या आणि तपकिरी रंगाकडे जाते.

पावसाळ्यात ओढून झाल्याबरोबर पाइप पेटीत बंद केला तर पेटीच्या अस्तराला बुरशी येते. दोन दिवस घरात उघड्यावर सुकवा, मग पेटीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. बाहेरून पुसायला कोरडं मऊ फडकं पुरे. पाणी आणि स्पिरिट दोन्ही लांब ठेवा.