डीजे सेटला दुय्यम का मानावे?

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या महोत्सवांच्या पोस्टरवर काही नावांपुढे ‘लाइव्ह’ असे छापलेले असते, म्हणजे तो कलाकार स्वतःच्या रचना मंचावर यंत्रांवर वाजवणार असतो, आणि तेवढ्यानेच बाकीचे, म्हणजे तयार तबकड्या एकमेकींना जोडत वाजवणारे डीजे एक पायरी खाली उतरल्यासारखे वाटतात. मला ही उतरंड मान्य नाही. मंचावर किती यंत्रे मांडली आहेत यापेक्षा, समोरचे लोक कसे नाचत आहेत हे पाहून कलाकाराला पुढच्या क्षणी काय काय बदलता येते, हे मी अधिक महत्त्वाचे मानतो.

१९७९ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर, म्हणजे तबकडी वाजवण्याच्या यंत्रावर, तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी होती. तिच्या आधाराने डीजे एका कानाला हेडफोन लावून दुसऱ्या तबकडीचा ताल चालू तालाशी जुळवतो आणि मिक्सरवर दोन्ही एकत्र वाहू देतो. आज हे काम सिंक बटण करते, पण पुढची तबकडी कोणती आणि ती कधी, हा निर्णय कोणतेही बटण घेत नाही. न्यूयॉर्कच्या पॅरडाइज गराज या क्लबमध्ये लॅरी लेव्हान या डीजेची जी ख्याती झाली, ती याच निवडीच्या बळावर. त्याने वाजवलेली बहुतेक गाणी इतरांचीच होती.

लाइव्ह सेटची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. रोलँड टीबी-३०३ या छोट्या सिंथेसायझर यंत्रात सोळा मात्रांचा सुरांचा क्रम आधीच भरून ठेवता येतो, पण तो वाजत असताना आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरचे बटण हाताने किती आणि किती सावकाश फिरवायचे हे त्या वेळीच ठरते, त्यामुळे तोच क्रम दर वेळी वेगळा ऐकू येतो. (मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच हे यंत्र वापरून राग ध्वनिमुद्रित केले होते, आणि उतारवयात त्यांना परदेशातल्या मंचांवर ते पुन्हा सादर करता आले.) पुढे मोनोलेक या नावाने संगीत करणारे रॉबर्ट हेन्के आणि गेरहार्ड बेलेस यांच्या एबलटन कंपनीने २००१ साली ‘लाइव्ह’ नावाचे सॉफ्टवेअर आणले. त्यात रचनेचे तुकडे सुटे ठेवता येतात आणि कोणता तुकडा किती वेळ वाजू द्यायचा हे वादक मंचावर ठरवू शकतो.

मात्र त्याच लॅपटॉपमधून सगळा कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधूनही ठेवता येतो. प्रकाशयोजना आणि पडद्यावरची दृश्ये सेकंदासेकंदाला संगीताशी जखडली की वादकाला एखादा भाग लांबवण्याची मुभाच उरत नाही. मोठ्या मंचांवर आम्ही सगळे प्लेच दाबतो, असे डेडमाऊस या कॅनडाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने २०१२ साली उघडपणे लिहिले, तेव्हा बरीच खळबळ उडाली होती. याउलट डेट्रॉइटचा जेफ मिल्स डीजे म्हणून ओळखला जातो, पण टर्नटेबलच्या शेजारी टीआर-९०९ हे ड्रम मशीन ठेवून तो लोकांसमोरच ताल रचतो.

अर्थात, स्वतःच्या रचना स्वतः उलगडून दाखवणाऱ्या कलाकाराला ऐकण्यात एक वेगळे कुतूहल असते आणि ते मलाही आहे. पण लाइव्ह सेट बहुधा तासाभरात आटोपतो, तर चांगल्या डीजेला क्लबमध्ये चार-पाच तास मिळू शकतात. तेव्हा पोस्टरवर नावापुढे काही छापायचेच असेल, तर सेट किती तासांचा आहे हे आधी छापावे. तिकीट घेताना मी तेच शोधतो.