गणेशखिंडीतल्या झाडांचे घेर: उन्हाळी फेरी

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या निवडक जुन्या झाडांची मोजणी वळवाच्या आधी उरकली. दरवर्षी मे महिन्यातच मोजतो. खोड पाण्यानुसार किंचित आटतं-फुगतं. यंदा मे आणि पुढच्या वर्षी सप्टेंबर असं केलं, तर खरी वाढ किती आणि पावसाची किती, ते कळत नाही.

पद्धत नेहमीचीच. जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप. तेवढ्या मापाची काठीच कापून ठेवली आहे. उतारावर चढाच्या बाजूने मोजायचं. शिंप्याची टेप नको, ताणली जाते. खुणेसाठी खिळा तर मुळीच नको, फोटो पुरतो.

वर्षावृक्षांनी त्रास दिला नाही. काटेसावरीला बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळं असतात, तिथे टेप त्यांच्या वर चढवावी लागते आणि ती उंची वहीत लिहावी लागते. खरी परीक्षा वडाची. पारंब्या खोडाला चिकटून एकजीव झाल्यावर खोड कुठे संपतं? मी आता दोन आकडे घेतो: चिकटलेल्या पारंब्यांसकट घेर आणि पर्णसंभाराचा जमिनीवर मोजलेला विस्तार. सुट्या पारंब्या वेगळ्या. दोन मोजणाऱ्यांचे वडाचे आकडे जुळले, तर मला उलट संशयच येईल.

हे सगळं कशासाठी, असं एका मित्राने विचारलं. झाडाच्या प्राणवायूची रुपयांत किंमत सांगणाऱ्या पाट्या मला पटत नाहीत. घेर मात्र कामाचा आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता ‘वारसा वृक्ष’ धरलं जातं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असतात. म्हणजे सगळी भिस्त वयावर. लावल्याची नोंद बहुतेक झाडांची नसते, मग वय घेरावरूनच काढणार. ३१४ सेंटिमीटर घेर म्हणजे व्यास साधारण १ मीटर; पण तो मीटर वर्षावृक्ष भराभर गाठतो, चिंच निवांत. त्यामुळे कुठलंतरी ठोकळ सूत्र लावण्यापेक्षा त्याच मातीतल्या, त्याच झाडाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी जास्त बोलतात.

निगेबद्दल थोडंच. नव्या रोपांचे फोटो सगळेच काढतात, जुन्या बुंध्यापाशी कोणी वाकत नाही. शहरात कुठेही बघा, काँक्रीट किंवा फरसबंदी खोडाला भिडलेली दिसते, किंवा बुंध्यावर मातीचा ढीग चढवलेला. खोड मुळांकडे पसरतं तो भाग उघडाच हवा. पानगळीचा पाचोळा जाळू नये, तिथेच कुजू द्यावा. फांदी काढायचीच तर तिच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो, त्याच्या बाहेरून काढावी. तिथूनच जखम भरते. गेरू-चुन्याचे पट्टे शोभेचे, त्यावर मी वाद घालत नाही.

पुढचं काम कागदावरचं. हे आवार ४११ एकरांचं. विद्यापीठ १९४९ चं, पण मुख्य इमारत मुंबईच्या गव्हर्नरांच्या पावसाळी मुक्कामाची, तिचं बांधकाम १८६४ मध्ये सुरू झालेलं. त्यामुळे काही झाडं विद्यापीठाहून थोरली असणार, पण कोणती? कुणाच्या घरी पदवीदान समारंभाचे जुने कृष्णधवल फोटो असतील, तर माणसांच्या मागे काय उभं आहे ते बघा. सोबत साल आणि फोटो कुठून काढला ते कळवलंत, तर मी वहीशी ताडून बघेन.