पेडलमधली झिणझिण

मी नाशिकजवळच्या ओझरची. मिग विमानांच्या आवाजात वाढले, पण हेलिकॉप्टरला हात लागला तो अमेरिकेत आल्यावर. फ्लोरिडातल्या एका लहानशा विमानतळावर मी मेकॅनिक आहे.

ऑगस्टमधली गोष्ट. ७१ वर्षांचे एक निवृत्त सुतार ट्रेलरवर आपलं एका सीटचं हेलिकॉप्टर घेऊन आले. किट आणून चार वर्षं गॅरेजमध्ये बसून जोडलेलं. तरुणपणी त्यांनी बी. जे. श्रॅम यांच्या स्कॉर्पिअनबद्दल वाचलं होतं, घरी बांधायच्या हेलिकॉप्टरबद्दल, तेव्हापासूनचा हा ध्यास. इथल्या नियमाप्रमाणे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानेच केलेलं असावं लागतं. यांनी जवळजवळ सगळंच एकट्याने केलं होतं. चाचणीच्या ४० तासांपैकी ११ तास उडूनही झाले होते.

"उडतं छान, पण पेडलवर पाय ठेवला की झिणझिण्या येतात. टेल रोटर बॅलन्स करून दे."

निदान बरोबर होतं. वरचा मोठा रोटर बिघडला की अख्खं यंत्र गदागदा हलतं, सीटला धक्के बसतात. टेल रोटर, म्हणजे पेडलने ताब्यात ठेवायचा शेपटीवरचा छोटा पंखा, त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरतो, म्हणून त्याची तक्रार बारीक असते, आणि ती पायाला कळते. सेन्सर लावून, हबवर एखाद-दोन ग्रॅमचा वॉशर चढवून ती दाबताही आली असती. पण बॅलन्सरची पेटी उघडण्याआधी मी प्रत्येक सांधा हाताने हलवून बघते.

टेल रोटरच्या पात्याचा कोन बदलणारी करंगळीएवढी दांडी असते. ती बोटांत धरली तर टक् टक् वाजली. बॅटरी आणि आरसा घेतला. नट आवळल्यावर त्यावरून बाजूच्या धातूपर्यंत लाल रंगाची रेघ ओढतात. नट हलला की रेघ तुटते. इथे रेघेचा अर्धा तुकडा धातूवर होता आणि उरलेला नटाच्या पलीकडच्या बाजूला. नट साधा, आत नायलॉनची कडी असलेला. दोन आटे बाहेर दिसायला हवेत, तिथे बोल्टचं टोक नटाच्या काठाशी आलेलं. रोटरच्या प्रत्येक फेऱ्यात हलणाऱ्या अशा सांध्यावर खाचांचा कॅसल नट आणि त्या खाचांतून, बोल्टच्या भोकातून आरपार कॉटर पिन, आपल्या गॅरेजवाल्यांची स्प्लिट पिन, असायलाच हवी. तो नट निघाला असता तर ते पातं मोकळं झालं असतं, आणि मग पेडल कितीही दाबा, हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरलंच असतं.

मी त्यांच्या हातात आरसा दिला. ते बराच वेळ बघत राहिले.

"त्या रात्री खाच आणि भोक जुळेनात," ते म्हणाले. "सकाळी बघू म्हणून हा नट लावला. मग बायकोचं ऑपरेशन निघालं. परत आलो तर रेघ ओढलेली. रेघ दिसली की मला वाटायचं, हे झालंय."

मला विदर्भातला तो तरुण आठवला, २०२१ मध्ये स्वतः घडवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत गेलेला. त्याच्याही यंत्राचा मागचाच पंखा तुटला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

जुळण्याचा उपाय सोपा असतो: वॉशर बदलायचा, जरा पातळ किंवा जाड. दुसऱ्याच वॉशरला टॉर्कही, म्हणजे आवळण्याचा ठरलेला जोरही, बरोबर बसला आणि भोकही उघडं दिसलं. बोल्ट नवा घातला. पिनची टोकं त्यांनी स्वतः वळवली, हात थरथरत होता तरी. मग म्हणाले, "आता बाकीचे सगळे बघ. मी रेघा पुसतो."

संध्याकाळपर्यंत आम्ही तेच केलं. ते चिंधीने रेघ पुसायचे, मी पाना लावायची, ते वहीत आकडा लिहायचे. दुसरा नट कुठे सैल निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना त्यांनी हेलिकॉप्टर जमिनीपासून तीनेक फूट उचललं आणि दोन मिनिटं तसंच धरून ठेवलं. खाली आले, रोटर थांबला. त्यांच्या पायात बूट नव्हते. पेडल नीट कळावं म्हणून ते ट्रेलरपाशी काढून ठेवले होते.