बाहेरची किल्ली, आतली शिडी

2019 च्या ऑक्टोबरात मी जेरुसलेमला गेले, तेव्हा इतर सगळे पाहणे दुय्यम ठरवून एक दार उघडताना पाहायचे, असे मनाशी पक्के केले होते. ख्रिस्ताला जिथे क्रुसावर चढवले आणि जिथे पुरले असे मानतात, त्या जागेवरील चर्चचे हे दार. आपल्याकडे ते ‘होली सेपल्कर’ या इंग्रजी नावाने ओळखले जाते. तिथले अरबी ख्रिस्ती मात्र त्याला ‘कनीसत अल-कियामा’, म्हणजे पुनरुत्थानाचे चर्च म्हणतात. या दाराची किल्ली शेकडो वर्षे मुसलमान घराण्याकडे आहे, हे मी पूर्वी कुठेतरी वाचले होते. वाचताना ते फार गोड वाटले होते आणि गोड वाटणाऱ्या गोष्टींबद्दल मला नेहमीच थोडी शंका येते.

पहिल्या पहाटे मी जुन्या शहराच्या बोळांत वाट चुकले. जाफा दरवाजातून आत शिरून उतरत गेले की चर्च येते, असे नकाशा सांगत होता. पण अंधारात, दुकानांची दारे बंद असताना तिथला प्रत्येक बोळ दुसऱ्यासारखा दिसतो. पोचले तेव्हा दार सताड उघडे होते आणि आत मेणबत्त्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच चौकात येऊन बसले. चौक लहान आहे; एवढ्या नावाजलेल्या जागेपुढे एवढेच अंगण, असे वाटण्याइतका लहान. आम्ही पाचसहा जण होतो, त्यांत काळ्या झग्यातील दोन जोगिणी होत्या, आणि कोणीच बोलत नव्हते.

चारच्या सुमारास द्वारपाल आला. त्याने दारावर थाप दिली. दाराच्या फळीत छातीच्या उंचीवर एक लहानशी झडप आहे. ती आतून उघडली आणि तिच्यातून एक लाकडी शिडी हळूहळू बाहेर सरकवली गेली. द्वारपालाने ती दाराला टेकवली, वर चढून वरचे कुलूप काढले, उतरून खालचे काढले, आणि मग दार उघडले. सगळे मिळून पाच मिनिटेही लागली नसतील. मी ज्यासाठी दोन पहाटा जागले होते, त्यात समारंभ म्हणावा असे काहीच नव्हते. पण पाहताना एक गोष्ट लक्षात आली, जी मी वाचलेल्या मजकुरात नव्हती: किल्ली बाहेर मुसलमानाकडे असते आणि शिडी आत ख्रिस्ती धर्मगुरूंकडे असते. वरच्या कुलपापर्यंत शिडीवाचून हात पोचत नाही, आणि नुसती शिडी असून कुलूप निघत नाही.

किल्ली सांभाळतात ते जूदेह घराणे आणि ती घेऊन दार उघडतात ते नुसैबेह घराणे. ही विभागणी आपोआप पडलेली नाही. मान कोणाचा जुना, यावर दोन्ही घराण्यांचे एकमत नाही. नुसैबेह आपला वारसा खलिफा उमरच्या काळापर्यंत, म्हणजे सातव्या शतकापर्यंत नेतात. जूदेह सांगतात की 1187 मध्ये जेरुसलेम जिंकल्यावर सुलतान सलाहुद्दीनने किल्ली त्यांच्या पूर्वजांच्या हाती दिली. परक्यांच्या देवळाची राखण करण्याचा मान कोणाचा, यावरून दोन मुसलमान घराण्यांनी हिरीरीने वाद घालावा, ही मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत माणसासारखी गोष्ट वाटली.

मुसलमानांकडेच किल्ली का, याचे जे उत्तर पर्यटकांना ऐकवले जाते ते असे की आतले सहा पंथ एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक आणि आर्मेनियन हे तीन मोठे भागीदार. कॉप्टिक, सीरियन आणि इथिओपियन हे तीन धाकटे. कोणता दिवा कोणी लावायचा, कोणती पायरी कोणी झाडायची, हे ऑटोमन सुलतानांच्या 1757 आणि 1852 च्या फर्मानांनी जसे होते तसे गोठवले, आणि त्या व्यवस्थेला आजही ‘स्टेटस को’ म्हणतात. दाराच्या वर, उजव्या खिडकीखालच्या कठड्यावर एक लाकडी शिडी उभी आहे. 1728 च्या एका कोरीव चित्रातही ती दिसते, आणि ती हलवण्याचा अधिकार कोणाचा हे ठरत नाही म्हणून ती तिथेच आहे. 2008 च्या नोव्हेंबरात ग्रीक आणि आर्मेनियन भिक्षूंची आतमध्ये उघड हाणामारी झाली आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. तेव्हा तटस्थ माणसाच्या हाती किल्ली असणे सोयीचे, यात शंका नाही.

तरी हे उत्तर अर्धेच आहे. सलाहुद्दीनने किल्ली ठेवली ती ख्रिस्ती पंथांची भांडणे मिटवण्यासाठी नव्हे. धर्मयुद्ध करणाऱ्यांकडून शहर घेतल्यावर त्यांच्या सर्वांत पवित्र जागेवर आपला ताबा राहावा यासाठी. दर्शनी भागात मुळात दोन दारे होती. त्यांतले उजवे दगडांनी बुजवलेले आजही स्पष्ट दिसते. पुढे कित्येक शतके यात्रेकरूंना आत जाण्यासाठी कर भरावा लागे, आणि तो 1830 च्या दशकात, इजिप्तच्या इब्राहिम पाशाच्या राजवटीत बंद झाला. त्याच्याही आधी, 1009 मध्ये, इजिप्तच्या फातिमी घराण्याचा खलिफा अल-हाकिम याने हे चर्च पायापर्यंत पाडायला लावले होते. पण याच सलाहुद्दीनला चर्च पाडून टाकण्याचा सल्लाही मिळाला होता आणि त्याने तो मानला नाही, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. आत शिरताच डाव्या हाताला द्वारपालांचे बसण्याचे बाक आहे. मी तिथे थोडा वेळ थांबले, तेव्हा एकाच बाकावर सत्ता आणि सेवा दोन्ही बसून गेल्याचे जाणवले.

चौकाच्या दक्षिणेला, चर्चच्या समोरच, उमरची मशीद आहे. बिगरमुसलमानांना आत सोडत नाहीत, म्हणून ती बाहेरूनच पाहिली. तिची कथा प्रसिद्ध आहे. सातव्या शतकात शहर शरण आल्यावर तिथला पाट्रिआर्क, म्हणजे मुख्य ख्रिस्ती धर्मगुरू, सोफ्रोनियस उमरला हे चर्च दाखवत होता. तेवढ्यात नमाजाची वेळ झाली. आतच नमाज पढा, असे सोफ्रोनियसने सुचवले. उमरने नकार दिला आणि बाहेरच्या पायरीवर एकट्याने नमाज पढला, कारण आपण आत पढलो तर ‘इथे उमरने नमाज पढला’ असे म्हणून पुढचे मुसलमान हे चर्च घेतील, अशी त्याला धास्ती होती. मशिदीपाशी उभे राहून ही कथा सांगणारे तीन मार्गदर्शक मी अर्ध्या तासात ऐकले, आणि तिघांनीही ‘याच जागी’ म्हणून जमिनीकडे बोट दाखवले.

ती जागा ही नव्हे. उमरच्या काळी उभे होते ते कॉन्स्टंटाइनचे, 335 मध्ये अर्पण झालेले चर्च, आणि त्याचे प्रवेशद्वार पूर्वेकडे होते. हाकिमच्या विध्वंसानंतर अकराव्या शतकात जे पुन्हा बांधले गेले ते लहान होते, आणि दार दक्षिणेला आले. समोरची मशीद सलाहुद्दीनचा मुलगा अल-अफदल याने 1193 मध्ये बांधली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही कथा आपल्यापर्यंत पोचवली ती दहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती पाट्रिआर्क युटिकियस याने, आणि त्याने ती कौतुकापुरती सांगितलेली नाही. तो पुढे तक्रार करतो की आमच्या काळात मुसलमानांनी उमरने तेव्हा दिलेल्या लेखी वचनाचा भंग केला, पूर्वेकडच्या प्रवेशमंडपाचा अर्धा भाग घेतला आणि तिथे मशीद बांधली. म्हणजे उमरला जी धास्ती वाटत होती, ती पायरीपुरती का होईना, खरी झाली. मार्गदर्शक हा उत्तरार्ध सोडून देतात. मला मात्र त्यामुळे उमरचा नकार अधिकच मोठा वाटला. आपल्याच माणसांना तो पुरता ओळखून होता.

पुढचे दोन दिवस मी याच धाग्याने फिरले. बेथलेहेमला जन्मस्थानाच्या चर्चसमोरील चौकात, पलीकडच्या बाजूला, उमरच्याच नावाची दुसरी मशीद आहे. ती 1860 मध्ये ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चने दिलेल्या जमिनीवर उभी राहिली. जेरुसलेमच्या पूर्वेला, किद्रोनच्या घळीत, येशूची आई मरियम हिच्या समाधीकडे जाणारा रुंद जिना थेट जमिनीच्या पोटात उतरतो. खाली उदाचा वास, टांगलेल्या असंख्य चांदीच्या दिव्यांची गर्दी, आणि समाधीजवळच्या भिंतीत मक्केची दिशा दाखवणारा एक मिहराब. कुराणाचा एकोणिसावा अध्याय मरियमच्या नावाचा आहे, हे ठाऊक असले की त्या कोनाड्याचे नवल वाटत नाही.

सर्वांत जास्त वेळ मी रेंगाळले ती ऑलिव्ह पर्वतावरील स्वर्गारोहणाच्या प्रार्थनास्थळी. येशू जिथून स्वर्गात गेला असे मानतात ती ही जागा. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून ती मुसलमानांच्या ताब्यात आहे. येशू स्वर्गात उचलला गेला हे मुसलमानही मानतात, त्यामुळे जागा घेतली तरी तिचा अर्थ पुसावा लागला नाही. काही शेकेल देऊन आत गेले तर भिंतींनी वेढलेले एक अंगण आणि मधोमध एक छोटी अष्टकोनी वास्तू. जमिनीत चौकटीत बसवलेला, पावलाचा ठसा समजला जाणारा दगड. पाच मिनिटांत पाहून होते. मी निघत होते, तेव्हा राखणदाराने हाक मारून अंगणाच्या भिंतीतील लोखंडी आकडे दाखवले. स्वर्गारोहणाच्या सणाला ख्रिस्ती पंथ इथे येऊन प्रार्थना करतात, तेव्हा आपापले तंबू ते या आकड्यांना ताणून बांधतात. “आमची भिंत, त्यांचे आकडे,” तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, आणि एक आकडा हाताने हलवून तो घट्ट असल्याची त्याने मला खात्री करून दिली.

शेवटच्या संध्याकाळी सात वाजता पुन्हा चर्चच्या चौकात आले. सकाळचा क्रम उलटा झाला: दार ओढून घेतले गेले, द्वारपालाने शिडीवर चढून वरचे कुलूप लावले, उतरून खालचे लावले, आणि शिडी झडपेतून आत दिली. आतल्या हातांनी ती ओढून घेतली आणि झडप मिटली. रात्रभर प्रार्थनेसाठी राहिलेली माणसे आत होती. त्यांना आता पहाटेपर्यंत बाहेर पडता येणार नव्हते. द्वारपाल समोरच्या पायऱ्या चढून निघून गेला. थोड्या वेळाने मशिदीतून इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, अजान सुरू झाली, आणि चौकात उरलेले आम्ही दोघेतिघे आपापल्या वाटेने परतलो.