पाळी गेल्यानंतर चेहऱ्याला इस्ट्रिऑल क्रीम: माझा अनुभव, मापांसकट

हार्मोनचं क्रीम मागायला येणाऱ्या बायका ट्यूबचं नाव सांगतात, टक्केवारी सहसा कोणी सांगत नाही. मी फार्मसिस्ट आहे. स्वतःची पाळी गेल्यावर चेहऱ्यासाठी हे क्रीम सुरू केलं तेव्हा आधी टक्केवारीच पाहिली, कारण पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. खाली लिहिलंय ते इस्ट्रिऑलबद्दल, म्हणजे पाळी गेल्यावर शरीरात कमी होणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनच्या एका प्रकाराबद्दल, आणि मला लिहून दिलेल्या पद्धतीबद्दल. तुमची डॉक्टरांची चिठ्ठी वेगळी असू शकते, आणि चिठ्ठी नसेल तर हे सुरूच करू नका.

दुकानात इस्ट्रोजेनची जी क्रीम मिळतात ती योनिमार्गाच्या कोरडेपणासाठी असतात. नेहमीचं इस्ट्रिऑल 0.1 टक्के, म्हणजे एका ग्रॅमला 1 मिलीग्रॅम. 15 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये सगळं मिळून 15 मिलीग्रॅम. कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेनचं, म्हणजे अनेक इस्ट्रोजेनच्या मिश्रणाचं, क्रीम येतं त्यात ग्रॅमला 0.625 मिलीग्रॅम. आकडा लहान दिसतो म्हणून ते सौम्य समजू नका, ते इस्ट्रिऑलपेक्षा जोरदार आहे. तिसरं इस्ट्राडायॉलचं, म्हणजे शरीरातल्या मुख्य इस्ट्रोजेनचं, जेल, 0.06 टक्के; अडीच ग्रॅममध्ये दीड मिलीग्रॅम. ते दंडाला किंवा मांडीला लावून रक्तात जावं म्हणूनच बनवलेलं असतं. चेहऱ्याला आणि स्तनांना लावू नये असं त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. गरम झळांसाठी जेल चालूच आहे, मग थोडं गालालाही चोळलं तर काय बिघडलं, असं विचारणाऱ्या पुष्कळ भेटतात. बिघडतं: मद्यार्क असल्याने कातडी आणखी कोरडी होते, आणि मात्रेचा हिशेब कोलमडतो.

चेहऱ्याला वापरणं म्हणजे परवान्याबाहेरचा, औषधाला ज्यासाठी मंजुरी आहे त्यापलीकडचा वापर. डॉक्टर तो विचार करून करू शकतात, आपण परस्पर करायचा नाही. इस्ट्रिऑल निवडण्याचं कारण सरळ आहे. ते इस्ट्राडायॉलपेक्षा कमजोर आहे आणि शरीरात त्याचं इस्ट्राडायॉल होत नाही. तरी हार्मोनच ते. डबीवर आरएक्स, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नये ही खूण, असतं ते उगीच नाही.

याने काय होतं आणि काय होत नाही, हे आधी नीट समजून घेतलेलं बरं. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं सुमारे 30 टक्के कोलॅजेन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) कमी होतं, नंतर वर्षाला साधारण 2 टक्के. तेलग्रंथी मंदावतात, पाणी धरून ठेवण्याची ताकद घटते, चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा वाटतो. 1994 मध्ये कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेनचं क्रीम रोज 1 ग्रॅम, 24 आठवडे चेहऱ्याला लावून एक चाचणी झाली. साध्या क्रीमशी तुलना करता कातडीची जाडी आणि बारीक सुरकुत्या यांत फरक दिसला. 1996 मध्ये व्हिएन्नात 0.01 टक्के इस्ट्राडायॉल आणि 0.3 टक्के इस्ट्रिऑल सहा महिने वापरून पाहिलं. लवचिकपणा दोन्हींत सुधारला. ते इस्ट्रिऑल आपल्या नेहमीच्या ट्यूबच्या तिप्पट तीव्र होतं, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मिशिगन विद्यापीठाचा 2008 चा अभ्यास. इस्ट्राडायॉल दोन आठवडे लावल्यावर कमरेखालच्या, कपड्याआड राहिलेल्या कातडीत नवं कोलॅजेन बनायला लागलं. त्याच बायकांच्या चेहऱ्यावर आणि हातावर, म्हणजे वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या कातडीत, तसं झालं नाही. थोडक्यात, हार्मोन गेल्यामुळे आलेला कोरडेपणा आणि पातळपणा या क्रीमच्या हिशेबात येतो. उन्हाने केलेलं नुकसान बहुतेक येत नाही. आपल्याकडे चेहऱ्यावर दिसतं त्यातलं निम्मं-अधिक उन्हाचंच असतं. म्हणून मी सनस्क्रीनला या उपचाराचाच भाग धरते.

सुरू करण्याआधीच्या गोष्टी पटकन सांगते. पाळी बंद होऊन बारा महिने झालेले असावेत. स्त्रीरोगतज्ज्ञ इतिहास विचारतात: स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव. यातलं काहीही असेल तर हा विषय तिथेच संपतो. स्तनाच्या कर्करोगानंतर इस्ट्रोजेन बंद करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चेहऱ्याला लावलेलं थोडंसं इस्ट्रोजेनही त्या गोळीच्या विरोधात जातं. मॅमोग्राम आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करून घेतली, सोबत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. थायरॉइड मंदावला तरी कातडी अशीच कोरडी आणि खरखरीत होते, आणि मग क्रीम लावून काय उपयोग? त्वचारोगतज्ज्ञांनी वांगाचा इतिहास विचारला. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना वांग आलं असेल तर इस्ट्रोजेनने ते परत येण्याची शक्यता मोठी असते.

आता माप. खरी गडबड होते ती इथेच.

चिठ्ठीत अर्धा ग्रॅम लिहिलेलं असतं; 0.1 टक्क्याच्या क्रीममध्ये ते अर्धा मिलीग्रॅम इस्ट्रिऑल. अर्धा ग्रॅम दिसतो कसा? ‘बोटाच्या पेराएवढी रेघ’ हा नियम 5 मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबसाठी आहे, आणि त्यात अडीच सेंटिमीटरची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. बायकांचं पेर लहान, तेव्हा 0.4 ग्रॅम धरा. ट्यूबचं तोंड 3 मिलिमीटर असेल तर तेवढंच क्रीम मिळायला 7 सेंटिमीटर रेघ लागते. 8 मिलिमीटर असेल तर 1 सेंटिमीटर पुरते. ‘वाटाण्याएवढं’ हे माप तर त्याहून फसवं: 8 मिलिमीटरचा वाटाणा पाव ग्रॅम भरतो, 1 सेंटिमीटरचा त्याच्या दुप्पट.

बाळांना थेंब पाजायची, सुई नसलेली 1 मिलीची सिरिंज मी यासाठी ठेवते. दट्ट्या पूर्ण काढायचा, मागच्या बाजूने थोडं क्रीम आत सोडायचं, दट्ट्या जेमतेम बसवायचा, टोक वर धरून दोन टिचक्या मारायच्या आणि हवा काढून टाकायची. मग अर्ध्या मिलीच्या खुणेपर्यंत क्रीम सोडायचं. अशा क्रीमचा अर्धा मिली म्हणजे जवळपास अर्धा ग्रॅम. काचेच्या बशीवर एकदा असं सोडून पाहिलं की डोळ्यांना अंदाज येतो, मग रोज सिरिंज लागत नाही. ट्यूबसोबत मिळणाऱ्या नळीवर अर्ध्या ग्रॅमची खूण असेल तर तीही चालते; मात्र चेहऱ्याची नळी आणि ट्यूब वेगळी ठेवा.

याहून सोपी पडताळणी ट्यूबच करते. अर्धा ग्रॅम रोज लावलं तर 15 ग्रॅम 30 रात्री पुरतं. आठवड्यातून तीन रात्री असेल तर दहा आठवडे. तुमची ट्यूब दहा दिवसांत संपत असेल तर तुम्ही रोज दीड मिलीग्रॅम लावताय, बोटाचं माप काहीही सांगो. उघडल्याची तारीख मी ट्यूबच्या चपट्या टोकावर पेनाने लिहिते.

इतका काटेकोरपणा का, याचं कारण गर्भाशयात आहे. गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेन एकटं मिळालं तर आतलं अस्तर जाड होऊ शकतं; म्हणून हार्मोनची गोळी किंवा जेल असलं की जोडीला प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर जाड होऊ न देणारं दुसरं हार्मोन, देतात. चेहऱ्याच्या छोट्या मात्रेला ते बहुधा देत नाहीत. ती मात्रा छोटी राहिली तरच हे गणित बरोबर. योनिमार्गासाठीही इस्ट्रिऑल चालू असेल तर दोन्हींची बेरीज डॉक्टरांना मिलीग्रॅममध्ये सांगा. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील तर ही बेरीज कोणीच केलेली नसते.

आधी कानामागे सलग तीन रात्री लावून पाहिलं. या क्रीमचा पाया सिटाइल आणि स्टिअरिल अल्कोहोल या मेणासारख्या पदार्थांचा असतो, आणि काही जणींना हार्मोनची नाही, त्या पायाची ॲलर्जी येते. काही क्रीममध्ये लॅक्टिक ॲसिड असतं. फुटलेल्या कातडीवर ते चुरचुरतं.

रात्रीचा क्रम असा: साबण नसलेल्या सौम्य फेसवॉशने चेहरा धुवायचा, टिपून घ्यायचा, दहा मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ओल्या कातडीतून औषध जास्त आत जातं. मग दोन्ही गालांचा खालचा भाग, जबड्याची कड, कपाळ आणि मान इथे ठिपके ठेवून हलक्या हाताने पसरायचं. अर्धा ग्रॅम एवढ्या जागेला कमी वाटतो आणि हात आपोआप ट्यूबकडे जातो, तेवढा आवरायचा. पातळ थर पुरतो. हात साबणाने धुवायचे. अर्ध्या तासाने मॉइश्चरायझर. लगेच वर व्हॅसलीनसारखं जाड काही थापलं तर कातडी झाकली जाते आणि शोषण वाढतं.

पापण्यांना नाही. वरच्या ओठावर आणि गालफडांच्या उंचवट्यावर मी लावत नाही, कारण वांग तिथेच आधी उठतं. थ्रेडिंग, ब्लीच, फेशियल, केमिकल पील यानंतर कातडी पूर्ण शांत होईपर्यंत सुट्टी. ट्रेटिनॉइनच्या (सुरकुत्यांवरचं, व्हिटॅमिन ए गटातलं औषध) रात्री वेगळ्या ठेवल्या आहेत. दोन्ही एकाच रात्री लावलं की लाली आली तर ती कशाने आली ते कळत नाही.

सकाळी सनस्क्रीन: तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. एसपीएफ 50, आणि रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत वांग अतिनील किरणांइतकंच दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतं, आणि बिनरंगी सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत.

काय बिघडू शकतं? गालावर तपकिरी सावली दिसली तर त्याच दिवशी थांबायचं, सहा महिने वाट बघायची नाही. तोंडाभोवती बारीक पुरळ आलं तर बहुधा क्रीमचा तेलकट पाया जड झालेला असतो. स्तन दुखू लागले तर मात्रा जास्त होते आहे. पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी क्रीम बंद आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. ‘थोडंसंच होतं’ म्हणून सोडायचं नाही. एक पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, बोलताना अडखळणं यासाठी वेळ न घालवता थेट रुग्णालय.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक पथ्य. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2010 मध्ये इस्ट्राडायॉलच्या स्प्रेबद्दल इशारा दिला होता: औषध लावलेल्या कातडीला मुलांचा स्पर्श होऊन त्यांच्या छातीची वाढ झाल्याची प्रकरणं समोर आली होती, पाळीव प्राण्यांनाही त्रास झाला होता. आजीच्या गालाला गाल लावून झोपणारी नातवंडं आपल्याकडे घरोघर आहेत. क्रीमच्या रात्री मूल शेजारी झोपवू नये, उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा, सकाळी तोंड धुतल्याशिवाय पापे घेऊ देऊ नयेत.

काउंटरवरचे दोन घोळ सांगितलेच पाहिजेत. ‘हार्मोनचं क्रीम’ म्हणून कुणी बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असलेलं क्रीम सुचवत असेल तर ते स्टेरॉइड. आठवडाभर चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, लाल रेषा आणि केस येतात, आणि सोडलं की आग होते. पाळीनंतर आधीच पातळ झालेल्या कातडीला हे सगळ्यात वाईट. दुसरा घोळ जंगली सुरणासारख्या कंदाच्या, म्हणजे वाइल्ड यामच्या, परदेशी बरण्यांचा. त्यातल्या डायोस्जेनिन या घटकापासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन बनवता येतं, आपल्या शरीरात ते होत नाही. खऱ्या प्रोजेस्टेरॉनचं क्रीम असलं तरी गर्भाशयाच्या अस्तराचं रक्षण करायला त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

फरकाबद्दल बोलायचं तर आधी ओढलेपणा गेला, कातडीची पापुद्रे सुटणं थांबलं. डोळ्यांच्या कडेपासून खाली गालावर येणाऱ्या बारीक रेघा मऊ व्हायला महिने लागले. नाकापासून ओठाच्या कडेपर्यंतची खोल घडी आणि हनुवटीखालची सैल कातडी होती तशीच आहे. ते काम या क्रीमचं नाही. फोटो काढायचे तर त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, मॉइश्चरायझर न लावता. ओलसर गालाच्या फोटोत सुरकुत्या निम्म्या दिसतात.

सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना फोटो, संपलेल्या ट्यूबचा हिशेब आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. फोटोत फरक नसेल तर मात्रा वाढवून मागू नका. बंद करून ट्रेटिनॉइन आणि सनस्क्रीनवर राहणं जास्त फायद्याचं ठरतं. फरक असेल तर तोंड न धुता लगेच झोपावं लागेल अशा प्रवासाच्या रात्री खुशाल चुकवा, दुसऱ्या दिवशी दुप्पट लावून भरपाई मात्र करू नका.